उतरवून घ्यायला कोणीतरी

आमचे घरमालक खुर्चीतून चालायला उठले की घरातल्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि सायकलवर बसून गेटाबाहेर पडले की तो भांड्यात पडायचा. हे उलटं आहे, मला कळतं. नोएडाच्या आमच्या सेक्टरमध्ये पुष्कळांना ते उलटं वाटायचं आणि काहींना तर सरळसरळ नाटक वाटायचं.

मी पुण्याहून नोकरीसाठी तिकडे गेले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. दिल्लीतल्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं होतं. मी त्यांना सर म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. वरची खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, शिफ्ट कुठली हेही विचारलं नाही. जिना उतरताना आधी कुठला पाय टाकतेस, एवढंच विचारलं. मला सांगता येईना. "छान," म्हणाले, "म्हणजे तळघर नीट चाललंय." मला वाटलं, घराला तळघर आहे आणि तिथे पाणीबिणी भरत असावं. काकूंनी चहा गाळता गाळता सांगितलं की ते डोक्यातल्या तळघराबद्दल बोलतायत, घाबरायचं कारण नाही, आमच्याकडे दुसरा विषयच नसतो.

खरंच नसायचा. मेंदूच्या पार आत, तळाशी, राखाडी पेशींच्या काही गाठी आहेत. बेसल गँग्लिया. सरांची सगळी हयात त्या गाठींत गेली होती. वरच्या मजल्यावर विचार राहतात, ते म्हणायचे, बुद्धी राहते, सगळा दिवाणखान्याचा थाट. पण घर चालतं ते तळघरावर. नवीन काही शिकायचं तर आधी वरचा मजला राबतो, चुकतो, घामाघूम होतो. मग हळूहळू ते काम खाली सोपवतो आणि विसरून जातो. आणि तळघर स्वतः काही हलवत नाही. ते फक्त परवानगी देतं. सगळ्या हालचालींवर ते पाय दाबून बसलेलं असतं, आणि हव्या त्या एकीवरचा पाय काढतं. हे सांगताना ते टेबलाखाली खरोखर पाय दाबून दाखवायचे, आणि काकू म्हणायच्या, "अहो, मांजर आहे खाली."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. भाजी घ्यायला म्हणून निघायचं आणि मोमोवाल्यासमोर उभं राहायचं, कारण तो गिऱ्हाइकाशी भांडता भांडता हाताने चुण्या घालत असायचा आणि एकही चुणी चुकायची नाही. त्याला बिचाऱ्याला वाटायचं, साहेब वजनात खोट काढायला उभे आहेत. एकदा तर सर त्याला म्हणाले, "भैया, ज़रा सोच के बनाओ." त्याने विचार करून बनवला आणि पहिलाच मोमो फाटला. सरांनी आनंदाने तोही विकत घेतला आणि मला चिमटीत धरून दाखवला. वरच्या मजल्याने खाली नाक खुपसलं की असं होतं, म्हणाले. कोथिंबीर राहिली ती राहिलीच.

मला स्कूटर त्यांनीच शिकवली. पुण्याची मुलगी आणि स्कूटर येत नाही, याचं त्यांना कोण आश्चर्य. रोज सकाळी पार्कच्या कडेच्या रस्त्यावर मी थरथरत गाडी चालवायची आणि हे पांढऱ्या बुटांत मागून चालायचे. सुरुवातीला एक अक्षर बोलायचे नाहीत, मला बोलू द्यायचे नाहीत. मग एके दिवशी, मी जरा सरळ जायला लागल्यावर, मागून आवाज आला, "सतराचा पाढा म्हण." मी सतरा दुणे चौतीसला गेटावर आदळले. पुढे महिनाभर हेच. ज्या दिवशी मी सतराचा पाढा म्हणत अख्ख्या पार्कला चक्कर मारून आले, त्या दिवशी ते म्हणाले, "झालं. गेली खाली. आता तुला विसरायचं ठरवलं तरी विसरता येणार नाही."

कौतुकाचा मात्र त्यांच्याकडे दुष्काळ. त्याचंही शास्त्र होतं. माणूस शिकतो तो बक्षिसाने नाही, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेल्या बक्षिसाने, असं ते सांगायचे. ठरलेलं मिळालं की तळघर ढिम्म हलत नाही. रोज वा म्हटलं की वा मरतं. म्हणून काकूंच्या स्वयंपाकाला ते कधीच वा म्हणायचे नाहीत. काकूंचं म्हणणं असं की इतक्या वर्षांत एकदाच वा ऐकलं, आणि ती आमटी शेजारून आली होती.

आपला आजार त्यांनी स्वतःच ओळखला. मेट्रो स्टेशनजवळच्या मॉलच्या काचेत त्यांना आपलंच चालणं दिसलं, आणि डावा हात हलत नव्हता. नुसता लटकत होता. घरी येऊन त्यांनी काकूंना ते सांगितलं, आज पाणी येणार नाही हे सांगावं तसं. मी तिथेच होते. काकू म्हणाल्या, हात अवघडला असेल, शेक देते. सर म्हणाले, "शेक कुठे देणार? तळघरात?" मग त्यांनी मला वहीच्या कागदावर एक ओळ लिहून दाखवली. अक्षर सुरुवातीला त्यांचं होतं आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं. मेंदूच्या मुळाशी एक काळसर पट्टा असतो, तो फिका पडत चाललाय, म्हणाले. तिथून जे रसायन तळघराला पोचतं ते आता पोचत नाही. एवढं सांगून त्यांनी काकूंना विचारलं, भजी करतेस का. काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ भजीही आली नाहीत आणि काकूही.

पुढची वर्षं सांगायला मला आवडत नाही. गोळ्यांच्या वेळांवर घर चालायला लागलं. गोळी लागू झाली की "लाइट आली," उतरली की "लाइट गेली," असं ते सांगायचे. पण आवाजच इतका खाली गेला होता की ते सांगणंही काकूंना ओठांवरून वाचावं लागायचं. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. राग आला तरी तोच चेहरा, हसू आलं तरी तोच. त्यांना विनोद सांगितला की आतून हसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी निर्लज्जासारखी विचारायचे, "सर, हसलात का?" ते एक बोट वर करायचे. हसले म्हणून.

सगळ्यात वाईट दारं. मोकळ्या खोलीत ते कसेबसे चालायचे, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कधी कधी भाजी शिजून होईपर्यंत उभे. ढकलून उपयोग नाही, ओढून उपयोग नाही. यावरचा उपाय काकूंनी शोधला होता. त्या शेजारी उभं राहून आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवायच्या. ते पाऊल ओलांडायचं म्हटलं की सरांचा पाय उचलला जायचा आणि पुढची चार पावलं सरळ पडायची. सर म्हणायचे की तळघराचा जिना बंद झालाय पण डोळ्यांकडून एक मागचा रस्ता आहे, बायकोला तो सापडला, मला पस्तीस वर्षं शिकवून सापडला नव्हता. त्यांच्या तोंडून काकूंचं एवढं कौतुक मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

आणि सायकल चालत होती.

हे कसं, ते माझ्या अजून पूर्ण पचनी पडलेलं नाही. जो माणूस दारातून बाहेर पडू शकत नाही, त्याला धरून सायकलवर बसवलं, मागून एक हलका धक्का दिला, की तो वळणं घेत, घंटी वाजवत, ताठ पाठीने निघून जायचा. पेडल स्वतःच दुसऱ्या पायाला सांगतं की आता तुझी पाळी, असं ते म्हणायचे. चालताना ते सांगणारं कुणी नाही. मग लगेच प्रामाणिकपणे म्हणायचे की खरं कारण कुणालाच नीट ठाऊक नाही.

एकच अडचण होती. त्यांना उतरता यायचं नाही. थांबायचं म्हणजे ब्रेक दाबायचा आणि त्याच क्षणी पाय जमिनीवर टेकवायचा, आणि तो पाय पेडलवर गोठायचा. एकदा तसेच आडवे झाले आणि खांदा निखळला. तेव्हापासून पद्धत ठरली. सकाळी काकूंनी त्यांना बसवून द्यायचं. पार्कभोवती चकरा मारून झाल्या की त्यांनी कोपऱ्यावरून घंटी द्यायची. काकूंनी गेटाशी उभं राहायचं, हँडल पकडायचं, "डावा" म्हणायचं, आणि डावा पाय खाली आला की त्यांना कवेत घेऊन उतरवायचं. माझी सुट्टी असली तर मी मदतीला. शांत असायचं ते सगळं, सवयीचं.

काकू त्यात थोडी लबाडीही करायच्या. घंटी ऐकू आली तरी गेटाशी पाठ करून उभ्या राहायच्या, कुंडीतली वाळकी पानं खुडत. सर समोरून निघून जायचे आणि आणखी एक चक्कर पडायची. मी विचारलं तर म्हणाल्या, "सायकलवर ते आजारी नसतात गं. राहू दे जरा."

सोसायटीच्या सेक्रेटरीला हे बघवत नसे. मीटिंगला बोलावलं तर प्रोफेसर साहेबांचे पाय उठत नाहीत आणि साइकिल पे तो उड़ते हैं, असं तो चार लोकांत म्हणाला. काकू आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. सरांनी मात्र त्याला घरी बोलावून तळघर समजावून सांगायचं ठरवलं. समजावताना आवाज फुटेना, त्यामुळे सेक्रेटरी कानाशी हात धरून पुढे वाकला, आणि शेवटी ढोकळा खाऊन काहीच न कळता गेला. सर त्यावर खूश होते. एक बोट वर केलं होतं.

सरांची मुलगी गुरुग्रामला होती, मोठ्या हुद्द्यावर. महिन्यातून एक-दोनदा यायची आणि आली की सायकलवरून भांडण. "बाबा, बिल्कुल नाही. बस झालं यार हे. तुम्ही पडलात तर आई एकटी काय करणार?" तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही सगळेच ते पडतील ही भीती धरून होतो. औषधाचे डबे, डॉक्टरांचे नंबर, कोणी कोणाला फोन करायचा, सगळं त्यांच्यासाठी तयार होतं. काकूंना काही होईल हे कुणाच्या मनातही नव्हतं. काकू धडधाकट होत्या. काकू तर उतरवून घेणाऱ्या होत्या.

त्या जानेवारीत माझी रात्रपाळी होती. उजाडल्यावर कंपनीच्या गाडीने मला सेक्टरच्या फाटकाशी सोडलं. धुकं होतं, दिल्लीकडचं ते धुराच्या वासाचं धुकं, दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. पण सरांची घंटी ऐकू येत होती. गार्ड शेकोटीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "आज तो साहब रुक ही नहीं रहे. बड़े मूड में हैं." फिरायला आलेली एक बाई हात हलवून गेली होती, दूधवाल्यानेही राम राम घातला होता, असं नंतर कळलं. माकडटोपीतला सरांचा चेहरा रोजच्यासारखाच होता. त्यावरून कुणाला काय कळणार होतं?

ते माझ्याजवळून गेले. ओठ हलले, आवाज आला नाही. काहीतरी वेगळं आहे हे मला त्या ओठांवरून कळलं, कारण सर हालचाल वाया घालवत नसत. मी बॅग टाकली आणि पुढच्या वळणावर त्यांच्या बाजूने धावायला लागले. हँडलला हात घातला तर त्यांनी मान हलवली.

"ती आली नाही," म्हणाले. "आधी आत जा."

मी त्यांना तसंच सोडून आत धावले.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. स्वेटरची एक बाही घातलेली, दुसरी तशीच मागे. बाहेर गेटाशी यायलाच निघाल्या होत्या. शेगडीवर दूध आटून, जळून, पातेलं काळं पडलं होतं. मी गॅस बंद केला, हाका मारल्या, हात हातात घेतला. हात गार होता. मला छाती दाबायची असते एवढं माहीत होतं, ते केलं, मग गार्डला ओरडून बोलावलं, मग डॉक्टरांना फोन केला. हे सगळं होईपर्यंत बाहेर घंटी वाजत होती. मग एकदम लक्षात आलं की वाजायची थांबलीय.

मी गेटाशी आले तर ते धुक्यातून येताना दिसले. मी काकूंच्या जागी उभी राहिले आणि हात पुढे केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तर सगळं उमटतं. ते न थांबता माझ्यासमोरून निघून गेले.

पुढच्या चकरेला मी हँडल घट्ट पकडलं आणि "डावा" म्हणाले. पाय खाली आला. मी त्यांना कवेत घेऊन उतरवलं आणि दारापर्यंत आणलं, आणि दारात ते थांबले. मी माझं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं. त्यांनी ते पाहिलं. पाय उचलला नाही. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको पडली होती आणि ते आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते, आणि मी पाऊल पुन्हा पुन्हा ठेवत होते. शेवटी गार्ड आणि सेक्रेटरी, हो, तोच, दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. सेक्रेटरी रडत होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत मोठा रक्तस्राव, पडल्या पडल्याच गेल्या असतील. सरांनी खुणेने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "असतील म्हणाले की गेल्या म्हणाले?" मी सांगितलं, "गेल्या" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे ते असेच पाहत असणार.

तेरावं झाल्यावर मुलगी त्यांना गुरुग्रामला न्यायला आली. सामान गाडीत चढत होतं, सायकल तिने आदल्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकली होती, त्याबद्दल सरांनी चकार शब्द काढला नव्हता. मी त्यांच्याजवळ बसले होते. नुकतीच गोळी लागू झाली होती, त्यामुळे बोलणं बरंच ऐकू येत होतं. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. ते शिकवायला लागले.

"पुस्तकात एक गोष्ट आहे," म्हणाले. "मी ती दर वर्षी वर्गात सांगायचो. माझ्यासारखा रोगी, वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेला, घराला आग लागली की उठून धावत सुटतो. जिने उतरतो. मग बाहेर येऊन पुन्हा गोठतो. हे खरं आहे. जीव घाबरला की तळघर क्षणभर उघडतं. मुलांना फार आवडायची ही गोष्ट."

मी म्हणाले, सर, आत काय झालंय हे तुम्हाला कुठे माहीत होतं? काकू मुद्दाम उशीर करायच्याच. तुम्हाला वाटलं असेल, आणखी एक चक्कर देतायत.

"ती गेटाशी उभी राहून उशीर करायची," ते म्हणाले. "घंटी दिली की गेट कधी रिकामं नसायचं. त्या दिवशी पहिल्याच घंटीला रिकामं होतं. मला तेव्हाच कळलं."

चेहऱ्यावर काही नव्हतं.

"माझ्याच घराला आग लागली होती गं," म्हणाले, "आणि मी पेडल मारत राहिलो."

मुलीने बाहेरून हाक मारली. आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि दाराबाहेर नेलं.